कीलहॉल : रागावण्याचे एक दर्यावर्दी क्रियापद

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'रागावणे' याला इंग्रजीत काय म्हणतात असे विचारले, तर आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर 'स्कोल्ड' असेच येईल. हा शब्द शाळेत लवकर भेटतो आणि पुढे सगळीकडे पुरतो, अशी आपली समजूत होऊन बसते. पण इंग्रजी भाषा या बाबतीत कमालीची श्रीमंत आहे. चाइड, रिब्यूक, रेप्रिमांड, अपब्रेड, बिरेट, ऑब्जर्गेट, एक्स्कोरिएट अशी किती तरी क्रियापदे तिच्यापाशी आहेत. खिशात मावणारा इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडावा, तर यातल्या बहुतेकांपुढे तेच ते तीन शब्द : रागावणे, दोष देणे, निर्भर्त्सना करणे. मग साहजिकच प्रश्न पडतो, की अर्थ एकच असेल तर इतके शब्द हवेत कशाला? आणि अर्थ वेगळे असतील तर ते ओळखायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एक शब्द भेटला. त्या एका शब्दाच्या आधाराने बाकीच्यांकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तो शब्द म्हणजे 'कीलहॉल'. क्रमिक पुस्तकांत तो सहसा आढळत नाही, बोलण्यातही क्वचितच येतो. आजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'एखाद्याची अत्यंत कडक शब्दांत खरडपट्टी काढणे' असा आहे. पण मूळ अर्थाचा रागावण्याशी काहीही संबंध नव्हता. तो शब्द जहाजावर जन्मला, आणि म्हणूनच मला, समुद्रावर पोट असलेल्या घरातल्या मुलीला, तो अधिक जवळचा वाटला.

'कील' म्हणजे जहाजाच्या तळाशी नाळेपासून वऱ्हाण्यापर्यंत गेलेला मुख्य वासा. माणसाला जसा पाठीचा कणा, तसा जहाजाला हा वासा. होडी बांधताना सर्वांत आधी तोच मांडतात आणि मग त्याला दोन्ही बाजूंनी फासळ्यांसारखी लाकडे जोडत जातात. आपल्या किनाऱ्यावरची जुनी माणसे त्याला 'पठाण' म्हणतात. 'हॉल' म्हणजे जोर लावून ओढणे. दोन्ही मिळून 'कीलहॉल' म्हणजे तळाच्या वाशाखालून ओढणे. इंग्रजांनी हा शब्द सतराव्या शतकात डच खलाशांकडून घेतला. डच भाषेत तो 'कीलहालन' असा आहे.

तळाखालून काय ओढायचे? तर जिवंत माणूस. डच आरमारातली ही एक अधिकृत शिक्षा होती. १५६० सालच्या डच हुकूमनाम्यात तिचा उल्लेख आहे आणि ती रीतसर रद्द झाली १८५३ साली. शिक्षेची पद्धत अशी : जहाजाच्या तळाखालून एक दोर आरपार घ्यायचा. अपराधी खलाशाला त्या दोराला बांधायचे. तो खोल जावा म्हणून त्याला शिशाचे वजन लावायचे. मग त्याला एका अंगाने समुद्रात सोडायचे आणि दुसऱ्या अंगाने वर ओढून काढायचे. हे सगळे जहाजावरच्या बाकीच्या माणसांसमक्ष व्हायचे. दोर भराभर ओढला तर माणूस तळाला घासून सोलवटून निघे, आणि हळू ओढला तर तळाला न लागता श्वास कोंडून मरे. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये लीव्हे फेरस्खायर या सतराव्या शतकातील डच चित्रकाराचे या शिक्षेचे चित्र आहे. यान फान नेस या नौदल अधिकाऱ्याच्या जहाजावरील वैद्याला ही शिक्षा झाल्याचे त्यात दाखवले आहे.

घासून सोलवटणे कशाने, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. जहाज काही महिने पाण्यात राहिले की त्याच्या तळाला कवचाचे बारीक बारीक जीव चिकटतात. त्यांचा थर दगडासारखा घट्ट बसतो आणि कडा वस्तऱ्यासारख्या धारदार असतात. थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूड, एकदरा, कुठल्याही बंदरावर जा. होडी वर घेतली की तिचा तळ आधी खरवडून काढावा लागतो. थर तसाच राहिला तर होडी जड होते, चालत नाही आणि लाकूड खराब होते. हे काम करणाऱ्याच्या हातावर ओरखडे पडल्यावाचून राहत नाहीत. उघड्या पाठीने त्या थरावरून ओढले जाणे म्हणजे काय, हे त्या ओरखड्यांवरून ताडता येते.

गंमत अशी, की जर्मन भाषेत याच शब्दाचे भावंड, 'कीलहोलन', दोन अर्थांनी वापरतात. एक अर्थ वर सांगितलेली शिक्षा. दुसरा अर्थ, जहाज एका अंगावर कलते करून त्याचा तळ साफसूफ करणे. म्हणजे तळ खरवडणे आणि माणूस खरवडणे या दोन्ही क्रिया एकाच शब्दात आल्या. आता आपला 'खरडपट्टी काढणे' हा वाक्प्रचार आठवावा. तो होडीवरून आला असे मी म्हणत नाही. पण खरडणे ही क्रिया त्यात उघड दिसते. हजारो मैलांवरच्या माणसांना आणि आपल्याला कडक रागावण्यासाठी एकच प्रतिमा सुचली, ती म्हणजे वरचा थर निघून खालचे अंग उघडे पडेपर्यंत घासणे. म्हणूनच 'कीलहॉल'ला मराठी प्रतिशब्द द्यायचा झाला तर 'खरडपट्टी काढणे' हाच मला सर्वांत जवळचा वाटतो.

ज्या जहाजांवर हा शब्द बोलला जाई, ती आपल्याला अगदीच परकी नव्हती. डचांनी १६३७ साली वेंगुर्ल्यास वखार घातली होती. इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांनी मिळून १७२१ साली आपल्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर स्वारी केली आणि कान्होजी आंग्र्यांपुढे त्यांना हात हलवीत परत जावे लागले. १७२४ साली डचांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या, पण त्यांनाही यश आले नाही. या सगळ्या घडामोडींत शब्द इकडून तिकडे गेले. आपला 'तांडेल' इंग्रजीत जाऊन 'टिंडल' झाला. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात तो नोंदलेला आहे. आमच्या घरात पुस्तक म्हणून रेशनकार्ड आणि पंचांग याखेरीज काही नव्हते. पण आमच्या घरात रोज बोलला जाणारा शब्द साहेबाच्या कोशात शंभर वर्षांहून अधिक काळ बसून आहे, हे समजल्यावर इंग्रजीविषयीची माझी भीती बरीच कमी झाली.

शिक्षा गेली तरी शब्द राहिला. दोर, शिसे, पाणी, रक्त सर्व गळून पडले आणि उरले ते नुसते शब्दांनी ओरबाडणे. हे इंग्रजीतच घडते असे नाही. आपल्याकडे पूर्वी अपराध्याची गाढवावरून धिंड काढीत. आता वर्तमानपत्रात 'विरोधकांनी मंत्र्यांचे धिंडवडे काढले' असे वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे गाढव येत नाही. 'धारेवर धरणे' म्हणताना कुणी शस्त्र उपसत नाही. 'फासावर लटकवा' असे तर आपण क्रिकेटच्या पंचाबद्दलही सहज बोलून जातो. शरीराला दिलेली शिक्षा कालांतराने जिभेवर येऊन राहते, असाच याचा अर्थ.

शिक्षेइतकेच व्यवसायांनीही रागावण्याला शब्द पुरवले आहेत. मराठीतले काही पाहा. 'झाडणे' हे केरसुणीचे काम. 'तासणे' हे सुताराचे. 'हजामत करणे' किंवा 'बिनपाण्याने करणे' ही न्हाव्याची देणगी. 'वाभाडे काढणे' यात फाटक्या कापडाच्या चिंध्या दिसतात. 'हजेरी घेणे' हे शाळेतून किंवा लष्करातून आलेले असावे. 'तोंडाचा पट्टा सोडणे' यात तर पट्टा फिरवणारा लढवय्याच उभा राहतो. इंग्रजीतही हेच आहे. 'रिब्यूक' या शब्दाच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधील मागे हटवण्याची, लाकूड तोडण्याची क्रिया आहे. 'ऑब्जर्गेट' हा लॅटिनमधला, त्याच्या मुळाशी भांडण आणि दावा. 'एक्स्कोरिएट' म्हणजे शब्दशः कातडे काढणे. आपण 'सोलून काढला' म्हणतो ते अगदी हेच. अशा रीतीने शब्दाचे मूळ माहीत झाले की तो पाठ करावा लागत नाही, आपोआप लक्षात राहतो. परीक्षार्थी मित्रांनी हा उपाय करून पाहायला हरकत नाही.

मूळ कळले की शब्दाची जागाही कळते. रागावण्याच्या शब्दांची एक शिडी असते. खालच्या पायरीवर 'चाइड' आहे. आपल्याकडे दटावणे किंवा गोड बोलून कान उपटणे म्हणू ते. 'रेप्रिमांड' हा कचेरीतला शब्द. साहेब हाताखालच्या माणसाला लेखी समज देतो, ताकीद देतो, तेव्हा तो वापरावा. 'अपब्रेड' यात 'तू असे केलेस, तसे केलेस' असा दोषांचा पाढा समोर मांडणे येते. 'बिरेट' यात आवाज चढलेला असतो आणि रागावणे बराच वेळ चाललेले असते. 'एक्स्कोरिएट' बहुधा लिहून केलेल्या जहाल टीकेला शोभतो. पुस्तकाच्या किंवा सरकारी धोरणाच्या परीक्षणात तो दिसेल. 'कीलहॉल' या शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर आहे.

तो वापरताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, हे क्रियापद सकर्मक आहे. कोणाला रागावले ते सांगावेच लागते, आणि कशाबद्दल हे 'फॉर' लावून सांगतात. 'द कॅप्टन कीलहॉल्ड द टीम फॉर इट्स केअरलेस फील्डिंग', म्हणजे 'निष्काळजी क्षेत्ररक्षणाबद्दल कप्तानाने संघाची खरडपट्टी काढली'. दुसरी, कर्मणी प्रयोगात ते विशेष शोभते, 'ही वॉज कीलहॉल्ड' असे. कारण मूळ चित्रात दोराला बांधलेला माणूसच डोळ्यांसमोर असतो. तिसरी, ते अर्जात किंवा सरकारी पत्रात घालू नये. वर्तमानपत्री लेखात, गप्पांत, किंचित थट्टेच्या सुरात ते चालते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, रागावणाऱ्याच्या हाती अधिकार हवा. जहाजाचा कप्तान खलाशाला तळाखालून ओढू शके, खलाशी कप्तानाला नव्हे. म्हणून मुख्याध्यापक, संपादक, मंत्री, न्यायाधीश यांच्या बाबतीत हा शब्द बसतो. आईने दूध सांडणाऱ्या लेकराला 'कीलहॉल' केले असे लिहिले तर वाचणारा हसेल.

येथे आपल्या 'रागावणे' या शब्दाचीही एक खोड सांगितली पाहिजे. मराठीत राग येणे आणि राग बोलून दाखवणे या दोन्हींना 'रागावणे' हा एकच शब्द चालतो. 'ती माझ्यावर रागावली आहे' म्हटले तर ती मनातल्या मनात रुसलेली असू शकते, आणि 'बाई मला रागावल्या' म्हटले तर त्या बोललेल्या असतात. इंग्रजीत मात्र 'अँग्री' हे मनाचे आणि 'स्कोल्ड' हे तोंडाचे. आपल्या भागात तर रागावण्याला सर्रास 'ओरडणे' म्हणतात. त्यामुळे 'आई मला ओरडली' याचे 'मदर शाउटेड मी' असे भाषांतर पेपरात होते आणि गुण जातात. दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीचा नसतो. दोन भाषांनी एकाच अनुभवाचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी पाडले आहेत, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

वर मी अधिकाराची गोष्ट सांगितली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रागावण्याच्या प्रत्येक शब्दात, कोण कोणाला रागावू शकतो, हे दडलेले असते. होडीवर तांडेल खलाशावर ओरडतो. जाळे ओढताना, वारा फिरताना ओरडावेच लागते, कारण क्षणाचा उशीर जिवावर बेततो. पण होडी बंदराला लागली की तोच तांडेल त्याच खलाशाबरोबर एका ताटात जेवतो. ते ओरडणे कामापुरते असते आणि कामाबरोबर संपते. जहाजावरची ती शिक्षा मात्र सर्वांना बोलावून, उभे करून, त्यांच्या डोळ्यांदेखत दिली जाई. अपराध्याला सुधारण्यापेक्षा बाकीच्यांना धाक बसवणे हाच तिचा उद्देश.

माझ्या गावची एक मैत्रीण शाळेत माझ्याच बाकावर बसे. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती. नववीत असताना एकदा इंग्रजीचा धडा वाचताना तिचे उच्चार चुकले. ती होडीवाल्यांच्या घरची, म्हणून त्या घरावरून, आमच्या बोलीवरून तिला साऱ्या वर्गापुढे बोलणी खावी लागली. वर्ग हसला. ती त्या दिवशी गप्प राहिली, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नाही. आज ती कोळंबी सोलण्याच्या कामाला जाते. त्या प्रसंगाला मराठीत काय म्हणावे ते मला तेव्हा कळत नव्हते. कानउघाडणी म्हणावे, तर कानउघाडणी कानापाशी होते, चारचौघांत होत नाही. समज म्हणावी, तर समज दिल्यावर माणूस शहाणा होतो. पुढे कॉलेजात 'कीलहॉल' हा शब्द वाचला आणि वाटले, तो दोर मी पाहिलेला आहे.

आता ज्या 'स्कोल्ड'पासून आपण सुरुवात केली त्याच्याकडे पुन्हा वळू, कारण तो दिसतो तितका साधा नाही. इंग्रजीत 'स्कोल्ड' हे नामही आहे, आणि त्याचा अर्थ भांडकुदळ, कजाग बाई असा होतो. इंग्लंडच्या कायद्यात 'कॉमन स्कोल्ड' हा गुन्हाच होता आणि तो बायकांवरच लागू होई. शेजाऱ्यापाजाऱ्यांची शांतता मोडणाऱ्या बाईला लांब दांड्याच्या टोकाशी लावलेल्या खुर्चीत बसवून नदीत किंवा तळ्यात बुचकळून काढीत. १८०९ साली लेम्स्टर या गावी एका बाईला अशी शिक्षा झाल्याची नोंद आहे. कायद्यातून हा गुन्हा निघाला तो थेट १९६७ साली. म्हणजे पुरुष कप्तान रागावला तर ती शिस्त, आणि गावातली बाई रागावली तर तो गुन्हा! दोन्हीकडे पाण्याखाली जाणारा माणूस मात्र दुबळाच.

याच ओळीतला आणखी एक शब्द 'बिलिंग्जगेट'. हे लंडनच्या जुन्या मासळीबाजाराचे नाव. तिथल्या कोळिणींच्या तोंडावरून इंग्रजीत 'बिलिंग्जगेट' म्हणजे शिवराळ भाषा असा अर्थ रूढ झाला. तो बाजार १९८२ साली जुन्या जागेतून हलला, शब्द मात्र कोशात कायम आहे. 'फिशवाइफ' म्हणजे मासे विकणारी, आणि त्याचाही दुसरा अर्थ कर्कशा. आपणही 'कोळणीसारखी भांडते' असे सहज म्हणतो. माझी आई वीस वर्षे बाजारात मासळी विकते. पहाटे तीनला उठून बंदरावर लिलावात उभे राहायचे, बर्फाचे पैसे, टेम्पोचे पैसे, आणि वर अर्ध्या भावात मागणारे गिऱ्हाईक. उन्हात मासळी थांबत नाही. गोंगाटात हळू बोलून ती विकली जात नाही. तिचा आवाज मोठा आहे, कारण तिचे काम मोठ्या आवाजाचे आहे. तांडेलाच्या ओरडण्याला आपण हुकूम म्हणतो आणि तिच्या ओरडण्याला भांडण, हा फरक आवाजातला नाही, ऐकणाऱ्याच्या मनातला आहे.

कुणी म्हणेल, शब्दाचा एवढा कीस कशाला काढायचा? 'कीलहॉल' वापरणाऱ्या आजच्या माणसाच्या मनात ना दोर असतो ना रक्त. हे खरे आहे आणि त्याने शब्द वापरू नये असे माझे म्हणणेही नाही. भाषा अशीच झिजत आणि घासत पुढे जाते, आणि क्रौर्य नुसत्या शब्दात उरावे हे ते जहाजावर राहण्यापेक्षा केव्हाही बरे. पण भाषा शिकणाऱ्याने, आणि विशेषतः शिकवणाऱ्याने, शब्दाचा तळ एकदा तरी वर घेऊन पाहावा. त्याला काय काय चिकटले आहे ते दिसते.

माझ्यासारखी, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुले या महाविद्यालयात पुष्कळ आहेत. त्यांना मला एवढेच सांगायचे आहे, की इंग्रजी ही केवळ बंगल्यांतून जन्मलेली भाषा नाही. तिच्यात खलाशी आहेत, सुतार आहेत, लाकूडतोडे आहेत, मासळीवाल्या आहेत. त्यांचे शब्द आपण आपल्या होडीवरून, आपल्या बाजारावरून समजून घेऊ शकतो. एखादा अवघड शब्द आला की कोशातला अर्थ पाहून थांबू नका. तो कोणाच्या हातातून आला ते विचारा.

आणि कधी कुणावर रागवायची वेळ आलीच, तर शिडीची पायरी बघून शब्द निवडावा. कानउघाडणीने भागत असेल तिथे खरडपट्टी काढू नये. होडीचा तळ खरवडतात तो ती पुन्हा पाण्यात नीट चालावी म्हणून. खरवडणाऱ्याचा हात जपून चालतो, कारण थर निघायला हवा पण फळीला भोक पडता कामा नये.